त्या दसऱ्यानंतर सगळ्या बॅटऱ्या आजारी पडल्या

आमच्या पिंपळे गुरवच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा दिवाळी अंक निघतो. संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात. म्हणतात, "मोकाशी, तुम्ही गाड्यांत आयुष्य घालवलंत, काहीतरी गमतीदार लिहा." मी त्यांना 'पावसाळ्यात ब्रेकची काळजी', 'टायरमधली हवा आणि आपण' अशी निरुपद्रवी टिपणं देत आलो. टायरच्या हवेवर तर दोनदा लिहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं म्हणजे मला एकच गोष्ट लिहायची होती आणि ती लिहावी लागू नये म्हणून बाकीचं लिहीत होतो.

यंदा टाळायला कारण उरलं नाही. ज्यांना ही गोष्ट मला तोंडावर सांगायची होती, ते सुधाकर ओव्हाळ या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा त्यांचा जलदान विधीही होऊन गेला होता.

मी चिंचवडच्या एका मोठ्या मोटार वर्कशॉपमध्ये नोकरी केली. शेवटची वर्षं माझ्या टेबलावर 'डायग्नोस्टिक इनचार्ज' अशी पाटी होती. या पदाचा अर्थ इतकाच की स्कॅनर माझ्या ताब्यात होता. बाहेरच्या माणसासाठी सांगतो. आजकालच्या मोटारीत जागोजागी सेन्सर असतात. इंजिनातलं पाणी किती तापलं, हवा किती आत आली, चाक किती वेगानं फिरतंय, हे ते गाडीतल्या छोट्या संगणकाला सतत कळवत राहतात. स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनरच्या केबलचं तोंड खुपसलं की गाडीच्या मनातलं सगळं पडद्यावर येतं. त्याची प्रिंट काढायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पूर्वी मेकॅनिक इंजिनाला कान लावून दोष सांगायचा आणि गिऱ्हाईक त्याच्याशी तासभर वाद घालायचं. छापील कागदाशी कुणी वाद घालत नाही.

स्कॅनर येण्याआधी मी बरा मेकॅनिक होतो. स्कॅनर आल्यावर मला एसी केबिन मिळाली आणि सहा महिन्यांत बॉनेट उघडायची सवय गेली.

ओव्हाळ इलेक्ट्रिकलचे. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फाउंड्रीत होते. ओव्हाळ आयटीआय करून आमच्याकडे लागले आणि तिथंच पन्नाशी ओलांडली. त्यांच्याकडे एक जुना मल्टिमीटर होता. त्याच्या लाल वायरीला काळी टेप आणि काळ्या वायरीला लाल टेप गुंडाळलेली, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला वापरता येत नसे. कुणी मागितला तर म्हणायचे, "घे की. पण आधी तो तुला ओळखतो का बघ."

आमच्या दोघांचा पहिला सामना उणे चाळीसवरून झाला. दिघीचे एक निवृत्त सुभेदार गाडी घेऊन आले. दिवस मे महिन्याचे. त्यांच्या इंजिनाचा पंखा सारखा फिरत होता. मी स्कॅनर लावला. पाण्याचं तापमान, उणे चाळीस अंश. मी प्रिंट काढली, सही केली आणि गंभीर चेहऱ्यानं त्यांच्यापुढं ठेवली.

सुभेदारांनी चष्मा लावून कागद वाचला. मग म्हणाले, "मोकाशी, उणे चाळीसला मी राहिलोय. तिथं चहा कपात ओतला की पिण्याआधी फुंकर मारावी लागत नाही, फोडावा लागतो. इथं तर माझा शर्ट पाठीला चिकटलाय."

"सेन्सर बदलून टाकू, साहेब," मी म्हणालो.

सेन्सर बदलला. तरी उणे चाळीसच. दुसरा मागवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ओव्हाळांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, रेडिएटरच्या नळीवर तळवा ठेवला, झटकन उचलला आणि म्हणाले, "साहेब, ही नळी माझा हात भाजतीय. त्या आकड्याला विचारा, तू शक्य आहेस का म्हणून." दोन मिनिटांत त्यांनी सेन्सरची वायर वर काढून दाखवली. उंदरानं सफाईनं कुरतडलेली होती.

त्यामागची गोम अशी की वायर तुटली तर सेन्सरकडून काहीच येत नाही. पण 'मला माहीत नाही' असं म्हणायला त्या यंत्रणेला शिकवलेलं नसतं. काहीच आलं नाही की ती यादीतला सगळ्यात खालचा आकडा पुढं करते. उणे चाळीस म्हणजे थंडी नव्हे, उणे चाळीस म्हणजे अज्ञान. या बाबतीत ती आमचे वर्क्स मॅनेजर कदमसाहेब यांच्यासारखी होती. त्यांनाही कधी 'माहीत नाही' म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं.

सुभेदार त्या दिवसापासून ओव्हाळांचे भक्त झाले. गाडी आणली की मला हात करायचे आणि त्यांच्याकडे जायचे. मला ते लागलं नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

तरीही माझं मत ओव्हाळांबद्दल चांगलं होतं, हे नोंदवून ठेवतो. इलेक्ट्रिकलचे सुपरवायझर त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी मी ओव्हाळांची शिफारस लिहून टेबलाच्या खणात ठेवली होती. दिवाळीनंतर द्यायची, एवढंच बाकी होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकदा डबा खाताना म्हणाले होते, "आमच्या वडिलांनी तीस वर्षं सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. आता घरात एक सुपरवायझर झाला म्हणजे फिटंफाट."

मग खंडेनवमी आली. आपल्या पट्ट्यात त्या दिवशी काम बंद ठेवून हत्यारांची पूजा होते, हे सांगायला नको. लेथला हार, क्रेनला हार, चाकणला तर मी रोबोटच्या हाताला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली आहे. आमच्याकडे पूजेआधी सगळे पाने, सॉकेट, जॅक रॉकेलनं धुऊन, पुसून, कापडावर मांडायचं काम दरवर्षी ओव्हाळ करायचे. ते बौद्ध. पूजेला हात जोडत नसत. मांडामांड झाली की बाजूला उभे राहायचे आणि शेवटी पेढा घ्यायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी कदमसाहेबांनी फर्मावलं, "यंदा मधोमध स्कॅनर. आता आपलं मुख्य हत्यार तेच." पूजा अर्थात माझ्या हातून. पाटावर स्कॅनर ठेवला, झेंडूचा हार घातला. कुंकू लावायची वेळ आली तेव्हा मी थबकलो. पडद्यावर लावलं तर डाग पडेल. माझ्यातला जबाबदार अधिकारी जागा झाला आणि मी विचारपूर्वक केबलच्या तोंडाला लावलं. आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं, दोन्ही चांगली भिजवलेली. कदमसाहेबांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी तिथंच शिंपडलं.

बाजूनं ओव्हाळ म्हणाले, "साहेब, त्याला ओलं लावू नका."

मी वर पाहिलं. सगळं वर्कशॉप गोल उभं होतं. मी म्हणालो, "ओव्हाळ, तुमच्यात हे नसतं, ठाऊक आहे आम्हाला. हवं तर लांब उभे राहा. पण आज आमच्या देवाला नियम नका शिकवू."

पाच-सहा जण हसले. कदमसाहेब जरा जास्तच हसले.

ओव्हाळ म्हणाले, "पूजेचं नाही म्हणत, साहेब. पिनांचं..." पण तोवर आरती सुरू झाली होती. टाळ्यांत त्यांचं पुढचं बोलणं बुडालं. त्या दिवशी त्यांनी पेढा घेतला की नाही, मला आठवत नाही. मी पाहिलंच नाही.

ते वाक्य मी रागानं बोललो नव्हतो. सहज बोललो. रागानं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत लाज वाटली असती.

दसऱ्यानंतर आठवडाभरात पिंपरी-चिंचवडमधल्या मोटारींना बॅटरीचा आजार जडला. चिखलीची गाडी आली, बॅटरी अशक्त. भोसरीची आली, अशक्त. दोन वर्षांची, चार वर्षांची, एकच वर्षाची, स्कॅनर लावला की आकडा दहा-साडेदहा व्होल्टच्या वर जाईना. धडधाकट बॅटरी साडेबाराच्या आसपास असते आणि इंजिन चालू असताना चौदा दिसतात. दहा व्होल्ट म्हणजे गाडीनं स्टार्टरला नुसतं कण्हायला हवं. या गाड्या मात्र किल्ली फिरवताच उठत होत्या आणि त्यांचे दिवे वरातीसारखे जळत होते.

आकडा शक्य आहे का, हे मी विचारलं नाही. कदमसाहेबांनी तर त्यावर सिद्धांतच मांडला. "हवामान बदलतंय, मोकाशी. शिवाय इथली ट्रॅफिक. बॅटरी चार्जच होत नाही." त्यांनी स्वागतकक्षात फलक लावला, 'आपल्या बॅटरीची तपासणी आजच करून घ्या, विनामूल्य.' लोक येत, तपासून घेत आणि बॅटरी बदलून जात.

ओव्हाळ माझ्या केबिनमध्ये आले. हातात मीटर.

"साहेब, सकाळपासून सहा बॅटऱ्या काढायला सांगितल्यात. सहाही माझ्या मीटरवर साडेबाराच्या वर आहेत."

"तुमचा मीटर माझ्या लग्नाच्या वेळचा आहे, ओव्हाळ."

"असू दे. एक करा. नवीन बॅटरी लावली ना, की त्याच गाडीला पुन्हा एकदा स्कॅनर लावा. एकदाच."

इतकं सोपं होतं ते. नव्या कोऱ्या बॅटरीलाही स्कॅनरनं दहा व्होल्ट म्हटलं असतं आणि सगळा खेळ तिथंच उघडा पडला असता. पण आमच्या फॉर्मवर 'बदलण्यापूर्वीचं मोजमाप' एवढाच रकाना होता. बदलल्यानंतरचा नव्हता. मी त्यांना तेच सांगितलं. फॉर्म काढून बोट ठेवून दाखवलं.

ओव्हाळांनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "रकाना नाही, म्हणून मोजायचं नाही?"

"प्रोसीजर आहे, ओव्हाळ."

"बरं," म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी सुभेदार आले. माझी प्रिंट हातात घेऊन ते सरळ ओव्हाळांच्या कामाच्या जागेकडे गेले. ओव्हाळांनी मीटर लावला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, बॅटरी ठणठणीत आहे. बदलू नका." सुभेदार तिथून निघाले ते कदमसाहेबांच्या दारात. चारचौघांत, कवायतीच्या आवाजात विचारलं, "तुमचा कागद एक बोलतो, तुमचा माणूस दुसरं बोलतो. दोघांतला खोटारडा कोण, तेवढं सांगा, मी घरी जातो."

कदमसाहेबांनी मला बोलावलं. दार लावलं. "मोकाशी, स्कॅनर चुकीचा असू शकतो का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर 'माहीत नाही, तपासतो' असं होतं. मी म्हणालो, "नाही, सर."

"मग हा माणूस असं का करतोय?"

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्यावर कदमसाहेबांनीच उत्तर लिहिलं. "पूजेच्या दिवशीही तोंड घातलं होतं त्यानं. त्याला मशीनचाच राग आहे. लेखी द्या मला."

मी लेखी दिलं. 'सदर कर्मचारी कंपनीच्या उपकरणावर अविश्वास दाखवतात व ग्राहकांची दिशाभूल करतात.' दोन ओळी, खाली सही. आयुष्यात मी हजारो प्रिंटवर सह्या केल्या. त्यातला सर्वांत अशक्य आकडा म्हणजे हा कागद, आणि तो कुठल्या सेन्सरनं पाठवला नव्हता.

सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. ओव्हाळांची बदली चाकणला झाली, नव्या गाड्यांच्या यार्डात. तिथं विक्रीला जायच्या शेकडो गाड्या उन्हात उभ्या असतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून एक माणूस रांगेनं प्रत्येक गाडी थोडा वेळ चालू ठेवतो, बंद करतो, पुढच्या गाडीत बसतो. शेवटच्या गाडीपर्यंत पोचलं की पुन्हा पहिली. ज्याला बॅटरीतलं कळत नाही असं आम्ही लेखी ठरवलं होतं, त्या माणसाच्या हवाली आम्ही कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या केल्या. हे कुणालाही विनोदी वाटलं नाही.

दिवाळी झाली. पिंपळे गुरवचेच एक आयटीतले गृहस्थ आले. त्यांनी इंटरनेटवरून अंगठ्याएवढा एक डोंगल मागवला होता, तो सॉकेटला लावून ते गाडीची तब्येत मोबाईलवर बघत. अशा गिऱ्हाइकाचा आम्हाला तिटकारा असे.

"काका, माझ्या ॲपमध्ये चौदा पॉइंट एक दाखवतंय, तुमच्यात दहा पॉइंट चार. गाडी एकच, मिनिट एकच."

"तुमचं ते खेळणं आहे," मी म्हणालो.

"असेल. पण मग खेळण्याला चौदा कुठून मिळाले? हवेतून?"

ते बॅटरी न बदलता गेले. जेवणाच्या सुट्टीत मी केबिनचं दार लावलं, केबलचं तोंड खिडकीपाशी नेलं आणि भिंगातून पाहिलं. काही पिनांच्या बुडाशी लालसर पिवळा थर बसला होता, कडेला हिरवट. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी. देवाला वाहिलेलं सगळं तिथं जसंच्या तसं होतं.

स्कॅनर गाडीकडून ज्या पिनांतून स्वतःला वीज घेतो, त्याच पिनांवर बॅटरीचा दाब मोजतो. पिना किटल्या की वाटेतच वीज अडते. माठातून नळीनं पाणी पिणाऱ्याच्या नळीत कचरा अडकावा आणि त्यानं माठ रिकामा आहे असं जाहीर करावं, तसं ते होतं. बाकीचे आकडे बरोबर येत होते, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मी दात घासायचा जुना ब्रश आणि पिना साफ करायचा स्प्रे घेतला. दहा मिनिटांचं काम. त्या दुपारपासून पिंपरी-चिंचवडमधल्या तमाम बॅटऱ्या ठणठणीत झाल्या. मागच्या शेडमध्ये काढलेल्या बॅटऱ्यांची चळत होती. तिथं जाऊन मी हातातल्या मीटरनं एकेक मोजली. साडेबारा. बारा सहा. साडेबारा. निम्म्या मोजल्या आणि थांबलो.

कदमसाहेबांकडे जायला माझ्या केबिनपासून अकरा पावलं होती. मी गेलोही. आत गेलो तर ते फोन ठेवत होते, चेहरा फुललेला. "मोकाशी, विभागात सर्वाधिक बॅटरी विक्री, आपली. मुख्य कार्यालयातून ट्रॉफी येतेय. फोटोत तुम्ही माझ्या शेजारी."

मी म्हणालो, "अभिनंदन, सर."

काचेची ट्रॉफी आली. फोटो निघाला. त्यात मी हसतोय. साथ ओसरल्याचं कारण विचारलं गेलं तेव्हा कदमसाहेबांनी थंडीला श्रेय दिलं.

पुढच्या खंडेनवमीला पूजा पुन्हा माझ्याकडे. मी केबल काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आणि नुसत्या स्कॅनरपुढं एक कोरडं फूल वाहिलं. कदमसाहेबांनी विचारलं, "हे काय? कुंकू?"

"वरून सूचना आहे, सर. ओलं लावायचं नाही."

"असं होय. मग बरोबर आहे," ते म्हणाले. ओव्हाळांचं वाक्य वरून आलं म्हटल्यावर ते लगेच सगळ्यांना पटलं.

ओव्हाळ चाकणहूनच निवृत्त झाले. निरोप समारंभ मुख्य वर्कशॉपमधल्या लोकांसाठी असे, यार्डातल्यांसाठी नसे. मीही यथावकाश निवृत्त झालो. मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खण रिकामा करताना ती शिफारस सापडली. फाडवली नाही. अजून माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी कळलं की ओव्हाळांनी चिखलीत ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकलंय. मी दोन-तीनदा गाडी घेऊन त्या रस्त्यावरून गेलो आणि तसाच पुढं गेलो. शेवटी गाडीनंच निमित्त दिलं. सकाळी स्टार्टर अडखळायला लागला. मी थेट त्यांच्या दारात गाडी उभी केली.

"या, मोकाशीसाहेब," ते म्हणाले. जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. केस पांढरे झाले होते. मीटर तोच, टेपा नव्या, रंग तसेच उलटे.

"बॅटरी गेली असावी," मी म्हणालो.

"बघू की. आधीच कशाला मारताय तिला?" त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि तो उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. बारा पूर्णांक सहा. "बॅटरी चांगलीय. टर्मिनलवर राख धरलीय, तेवढी काढतो."

ते गरम पाणी आणि ब्रश घेऊन घासायला लागले. मी शेजारी उभा होतो. घासताना त्यांनी विचारलं, "गुडघे कसे आहेत? मुलगी कुठं असते? कदमसाहेब कसे आहेत?" मी सगळ्याची उत्तरं दिली. स्कॅनरबद्दल त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चहा आला. कपाला त्यांच्या हाताची काळी बोटं उमटली होती, ती त्यांनी फडक्यानं पुसली आणि मग कप माझ्यापुढं केला.

काम झाल्यावर त्यांनी ब्रश ठेवला, टर्मिनल आवळलं, पुन्हा मीटर लावला.

"झालं की, पुन्हा कशाला मोजताय?" मी विचारलं.

"केल्यावर एकदा मोजायचं असतं, साहेब," ते मीटरकडे बघत म्हणाले.

मी गाडीत बसलो. पहिल्याच किल्लीला इंजिन उठलं. मी काच खाली केली. ते दारावर हात ठेवून जरा वाकून उभे होते, मला काही बोलायचंय हे त्यांना दिसत असावं. त्यांनी घाई केली नाही. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. मी म्हणालो, "बरं, येतो," आणि निघालो.

पिंपळे गुरवपासून चिखलीपर्यंत वाटभर मी एक वाक्य जुळवत आणलं होतं. ते असं होतं: "ओव्हाळ, त्या दिवशी तुम्ही पिनांबद्दल बोलत होता आणि मी ऐकली तुमची जात. मला माफ करा."